विद्यापीठातील विषयांची विविधता: यादीत किती आणि हाती किती?

आलेखरेषा (धागाकर्ती)

नमस्कार. मी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवते आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विषयनिवडीबाबत सल्ला देण्याचे कामही बरीच वर्षे माझ्याकडे आहे. सत्र सुरू होण्याच्या आधीच्या आठवड्यात जे विद्यार्थी भेटायला येतात, त्यांच्या हातात विषयसूची असते आणि तिच्या पानापानांवर पेन्सिलीने खुणा केलेल्या असतात. खगोलशास्त्राची ओळख, लोकसंख्याशास्त्र, अभिजात भाषा, वास्तुकलेचा इतिहास, आज्ञावलीलेखन (प्रोग्रामिंग), मृदाशास्त्र असे एकाशेजारी एक विषय पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो मला फार मोलाचा वाटतो, आणि म्हणूनच पुढे जे घडते त्याबद्दल लिहावेसे वाटले.

मागच्या सत्रात वनस्पतिशास्त्राची एक विद्यार्थिनी तीन खुणा घेऊन आली होती: ज्ञानमीमांसा (ज्ञान म्हणजे काय याचा तात्त्विक विचार), भूमाहितीशास्त्र (नकाशे आणि उपग्रहचित्रे यांतून माहिती हाताळण्याचे शास्त्र) आणि नाट्यलेखन. आम्ही दोघी संगणकासमोर बसलो. ज्ञानमीमांसेसाठी तत्त्वज्ञानाचा प्राथमिक विषय आधी उत्तीर्ण असणे बंधनकारक होते आणि तो केवळ वर्षाच्या पूर्वार्धात शिकवला जात होता. भूमाहितीशास्त्राचे प्रात्यक्षिक नेमके तिच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकाच्या वेळी होते. नाट्यलेखन शिकवणारे प्राध्यापक निवृत्त झाल्यापासून तो विषय उघडलाच गेला नव्हता, परंतु सूचीतून त्याचे नाव कोणी काढले नव्हते. तिने एकेक खूण खोडरबराने पुसली आणि मग विचारले, "मग यातले माझ्यासाठी नक्की कोणते आहेत?"

हा प्रश्न मला रास्त वाटतो. विद्यापीठे आपल्या विषयांची संख्या अभिमानाने सांगतात, परंतु एखाद्या विशिष्ट विद्यार्थ्याला, त्याच्या मुख्य विषयासह आणि त्याच्या वेळापत्रकासह, त्यांतले किती विषय खरोखर घेता येतात हे क्वचितच कोणी मोजते. माझ्या मते विविधता मोजायची ती इथे. या विषयावर विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि शिक्षण पूर्ण होऊन बराच काळ लोटलेले वाचक या सर्वांचे अनुभव वाचायला आवडतील.

कोरी पाटी

धागा अगदी वेळेवर आला. मी गणित मुख्य विषय घेऊन नुकताच प्रवेश घेतला आहे. मला इतिहास आणि भाषा यांचीही ओढ आहे. माझ्या अडचणी दोन आहेत. पहिली अशी, की ज्या विषयात माझी काहीच तयारी नाही त्यात श्रेणी घसरली तर पुढच्या प्रवेशांवर परिणाम होईल, अशी भीती वाटते. दुसरी अशी, की सूचीत 'तर्कशास्त्र' हा विषय मला तीन वेगवेगळ्या विभागांच्या नावांखाली दिसतो आणि हा एकच विषय आहे की तीन, हे सूचीतल्या दोन ओळींच्या वर्णनावरून समजत नाही.

तिसरा बाक

धागाकर्तीच्या मुद्द्याकडे वळण्यापूर्वी थोडा इतिहास सांगतो, कारण 'विद्यापीठ म्हणजे सर्व विद्यांचे घर' ही कल्पना आपण समजतो तितकी जुनी नाही. 'युनिव्हर्सिटी' हा शब्द ज्या 'युनिव्हर्सितास' या लॅटिन शब्दावरून आला, त्याचा मध्ययुगीन अर्थ 'संघ' असा होता, म्हणजे शिक्षकांचा किंवा विद्यार्थ्यांचा संघ. विषय किती, याच्याशी त्या शब्दाचा संबंध नव्हता. ज्या बोलोन्या विद्यापीठाची स्थापना परंपरेने १०८८ सालची मानली जाते, त्याची ख्याती कायद्याच्या अध्ययनासाठी होती. पॅरिसची ख्याती धर्मशास्त्रासाठी होती. विद्यार्थी आधी व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व, मग अंकगणित, भूमिती, संगीत आणि खगोल शिकत, आणि त्यानंतर धर्मशास्त्र, कायदा किंवा वैद्यक यांपैकी एका शाखेकडे जात. निवडीला फारसा वाव नव्हता. सातव्या शतकात ह्युएन त्संगने भारतातील अध्ययनाचे जे वर्णन केले, त्यातही शब्दविद्या, शिल्पविद्या, चिकित्साविद्या, हेतुविद्या (म्हणजे तर्क) आणि अध्यात्मविद्या अशा पाच विद्या येतात.

आज सूचीत दिसणारे बहुतेक विषय एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत दुसऱ्या एखाद्या विषयाच्या घरातून वेगळे निघालेले आहेत. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली, तेव्हा हा विषय तत्त्वज्ञानाचाच भाग समजला जात होता. धागाकर्तींच्या संख्याशास्त्राचा पहिला स्वतंत्र विभाग कार्ल पिअर्सन यांनी १९११ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात उभा केला. संगणकशास्त्राचा अमेरिकेतील पहिला विभाग १९६२ मध्ये पर्ड्यू विद्यापीठात सुरू झाला. वेगळे होताना प्रत्येक विषय आपला जुना शेजारही थोडा बरोबर घेऊन जातो, आणि म्हणूनच एकच नाव तीन विभागांत सापडते. 'कोरी पाटी' यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे मूळ इथे आहे.

आलेखरेषा

तिसरा बाक, मनःपूर्वक आभार. तर्कशास्त्राबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण नाव एक आणि विषय तीन याचे याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण आहे.

तत्त्वज्ञान विभागातील तर्कशास्त्र युक्तिवादापासून सुरू होते. विधाने, आधारविधान आणि निष्कर्ष, ॲरिस्टॉटलची संवाक्ये (दोन आधारविधानांवरून निष्कर्ष काढणारे युक्तिवाद), आणि पुढे 'शक्य' व 'अनिवार्य' यांचे तर्कशास्त्र. तिथे विद्यार्थ्याला एखादा लेख देऊन त्यातला युक्तिवाद वेगळा काढायला सांगतात, आणि परीक्षेत निबंध लिहावा लागतो. गणित विभागात तर्कशास्त्र हे स्वतःच सिद्धतांच्या अभ्यासाचे क्षेत्र असते. तिथे सत्र ग्योडेल यांच्या १९३१ च्या अपूर्णतेच्या प्रमेयांच्या (अंकगणिताच्या कोणत्याही सुसंगत नियमव्यवस्थेत सिद्ध न होणारी सत्य विधाने उरतात, असे सांगणाऱ्या) दिशेने चालते, आणि अमूर्त सिद्धता लिहिण्याचा सराव नसेल तर दुसऱ्याच आठवड्यात दम लागतो. संगणकशास्त्र विभागात एखादे सूत्र सत्य ठरवणारी मूल्ये अस्तित्वात आहेत का, हे यंत्राने कसे शोधावे हा मध्यवर्ती प्रश्न असतो आणि गृहपाठ आज्ञावलीच्या रूपात द्यावा लागतो. सत्यतासारणी (घटक विधाने सत्य किंवा असत्य असताना संपूर्ण विधान काय ठरते याचा तक्ता) तिन्ही ठिकाणी पहिल्या पंधरवड्यात येते आणि त्यानंतर वाटा फुटतात.

खेळ सिद्धांताचेही, म्हणजे एकमेकांच्या चालींवर अवलंबून असलेल्या निर्णयांच्या गणिताचेही, असेच आहे. तो अर्थशास्त्रात बाजारपेठेतील स्पर्धेसाठी, राज्यशास्त्रात वाटाघाटींसाठी आणि जीवशास्त्रात प्राण्यांच्या वर्तनाच्या उत्क्रांतीसाठी शिकवला जातो. जीवशास्त्रातील त्याची सुरुवात प्रामुख्याने मेनार्ड स्मिथ आणि प्राइस यांच्या १९७३ च्या लेखापासून झाली. म्हणून माझा आग्रह असतो की सूचीतील शीर्षक वाचून विषय ठरवू नये. आठवड्यागणिक आराखडा मागावा, आणि मुख्य म्हणजे मागील सत्राची प्रश्नपत्रिका आणि एखादा गृहपाठ पाहावा. विषय तुमच्याकडून काय करून घेणार आहे, हे गृहपाठ पाहिल्यावर लगेच कळते.

वाळूघड्याळ

माझे मत काहीसे वेगळे आहे आणि ते स्पष्टपणे मांडतो. मी अभियंता आहे आणि नव्याने रुजू होणाऱ्या पदवीधरांबरोबर रोज काम करतो. चार दिशांचे चार प्राथमिक विषय करून आलेला, परंतु कुठल्याही एका विषयात तळापर्यंत न गेलेला पदवीधर मी अनेकदा पाहिला आहे. त्याला पुष्कळ शब्द माहीत असतात, परंतु अडचण समोर आली की तो थांबतो, कारण अडचणीशी सहा महिने झुंजण्याची वेळ त्याच्यावर कधी आलेलीच नसते.

विषयांना क्रम असतो. यंत्राधारित शिक्षण (मशीन लर्निंग) शिकायचे तर रेषीय बीजगणित, संभाव्यता, अनेक चलांचे कलन आणि आज्ञावलीलेखन आधी हवे. जैवरसायनशास्त्र हवे तर आधी कार्बनी रसायनशास्त्र हवे. ही साखळी पूर्ण करण्यातच पदवीची बरीच वर्षे जातात, आणि ती जायलाच हवीत. निवडीचे स्वातंत्र्य वाढवले की विद्यार्थी साखळ्या अर्धवट सोडतात. हे मी तर्काने सांगत नाही, याला इतिहास आहे. चार्ल्स एलियट हे १८६९ ते १९०९ या काळात हार्वर्डचे अध्यक्ष होते. त्यांनी सक्तीचे विषय एकेक करून काढून टाकले, आणि शतक संपत आले तेव्हा पहिल्या वर्षाच्या इंग्रजी लेखनाखेरीज सक्तीचे जवळजवळ काही उरले नव्हते. त्यांच्यानंतर आलेल्या लॉवेल यांना ती पद्धत बदलावी लागली.

आलेखरेषा

वाळूघड्याळ, आपला आक्षेप महत्त्वाचा आहे आणि त्यातला खोलीचा आग्रह मला पूर्णपणे मान्य आहे. मात्र लॉवेल यांनी काय केले, तेही पाहायला हवे. त्यांनी निवड रद्द केली नाही. विद्यार्थ्याने काही विषय एकाच क्षेत्रात घ्यावेत आणि काही इतर क्षेत्रांत विखरून घ्यावेत, अशी दुहेरी अट त्यांनी घातली. मुख्य विषय आणि इतर शाखांतील विषय ही जी रचना आज जगभर दिसते, तिच्यात हाच विचार आहे. म्हणजे विविधतेला एक कणा देण्यात आला. नंतर प्रयोग दोन्ही दिशांनी झाले. कोलंबिया विद्यापीठाने १९१९ मध्ये सर्वांसाठी समान असा समकालीन संस्कृतीचा विषय सुरू केला, तर ब्राउन विद्यापीठाने १९६९ मध्ये मुख्य विषय कायम ठेवून इतर क्षेत्रांत विषय विखरून घेण्याच्या अटी काढून टाकल्या. ऑक्सफर्डने १९२० मध्ये तिसरीच वाट घेतली आणि तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र व अर्थशास्त्र ही त्रयी एका पदवीत बांधली. तिथे विद्यार्थ्याने स्वतः जुळवाजुळव करण्याऐवजी जुळणी आधीच विचारपूर्वक केलेली होती, आणि मला ही पद्धत अनेकदा अधिक प्रामाणिक वाटते, कारण निदान त्या तीन विषयांच्या तासांची टक्कर होऊ नये ही जबाबदारी संस्थेने स्वीकारलेली असते.

ब्राउनच्या रचनेतील एक गोष्ट 'कोरी पाटी' यांच्या पहिल्या भीतीशी थेट जोडलेली आहे. तिथे कोणताही विषय श्रेणीऐवजी केवळ 'समाधानकारक' अशा नोंदीसाठी घेण्याची मुभा विद्यार्थ्याला असते. अशी मुभा इतरही अनेक विद्यापीठांच्या नियमांत मर्यादित स्वरूपात असते, परंतु ती मागण्याची मुदत सत्राच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांतच संपते आणि बहुतेकांना ती संपल्यावर कळते. आपल्या संस्थेचा नियम आजच पाहून घ्या.

उभी आडवी रेघ

मी विद्यापीठाच्या वेळापत्रक कक्षात काम केले आहे, त्यामुळे पडद्यामागची बाजू सांगू शकतो. धागाकर्तींनी वर्णन केलेली टक्कर कोणाच्या निष्काळजीपणामुळेच होते असे नाही. तिच्यामागे साधे अंकगणित आहे.

चाळीस ऐच्छिक विषय असतील तर त्यांच्या ७८० जोड्या होतात. चारशे विषय असतील तर ७९,८०० जोड्या होतात. विषय दहापट झाले की जोड्या जवळपास शंभरपट होतात, आणि आठवड्यातले तास मात्र तेवढेच राहतात. प्रत्येक जोडी टक्करविरहित ठेवणे अशक्य असते, म्हणून आम्ही मागील वर्षांची नोंदणी पाहतो आणि ज्या जोड्या विद्यार्थ्यांनी आधी एकत्र घेतल्या आहेत त्या जपतो. गणिती वाचकांसाठी सांगायचे तर हे आलेखाच्या रंगांकनाचे कोडे आहे. प्रत्येक विषय हा एक बिंदू, एकत्र घेतले जाणारे विषय रेषेने जोडलेले, प्रत्येक वेळ म्हणजे एक रंग, आणि जोडलेल्या दोन बिंदूंना एकच रंग द्यायचा नाही. हे कोडे मोठ्या संख्येसाठी अत्यंत कठीण असते आणि व्यवहारात आम्ही 'पुरेसे चांगले' उत्तर मिळाले की थांबतो.

यात एक अन्याय दडलेला आहे आणि तो मला काम करताना नेहमी टोचत असे. ज्या जोड्या पूर्वी कोणी घेतल्या नाहीत, त्यांच्यामध्ये आम्ही रेषाच काढत नाही. म्हणून वनस्पतिशास्त्र आणि भूमाहितीशास्त्र एकाच वेळी लागतात. ते एकाच वेळी लागतात म्हणून कोणी विद्यार्थी ते एकत्र घेऊ शकत नाही. आणि कोणी घेत नाही म्हणून पुढच्या वर्षीही नोंदणीत ती जोडी दिसत नाही. नवे संयोग करू पाहणारा विद्यार्थी त्या माहितीत कधी उमटतच नाही. वास्तविक वनस्पतींच्या अभ्यासकाला नकाशे आणि उपग्रहचित्रे हाताळता येणे किती उपयोगाचे आहे! आमच्या कक्षात एका वर्षी आम्ही नोंदणीपूर्वी विद्यार्थ्यांकडून 'कोणते दोन विषय एकत्र हवे आहेत' एवढा एकच प्रश्न विचारून माहिती गोळा केली, आणि ज्यांचा आम्ही कधी विचारही केला नव्हता अशा कितीतरी जोड्या पुढे आल्या. त्यांतल्या काही केवळ एक तास सकाळी सरकवून शक्य झाल्या.

सर्वांत मोठा अडथळा प्रात्यक्षिकांचा असतो. व्याख्यानाचा तास हलवता येतो, परंतु प्रात्यक्षिकाला सलग तीन तास, ठरावीक प्रयोगशाळा आणि साहाय्यक लागतो. म्हणून विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांच्या दुपारी जवळजवळ बंदच असतात, आणि मानव्यविद्या विभाग आपले परिसंवाद नेमके दुपारीच ठेवतात. दोन्ही शाखांमधील दरी बरीचशी इथे तयार होते. ब्रिटिश लेखक आणि शास्त्रज्ञ सी. पी. स्नो यांनी १९५९ मध्ये केंब्रिजला विज्ञान आणि साहित्य या एकमेकांपासून दुरावलेल्या 'दोन संस्कृतीं'विषयी व्याख्यान दिले होते. त्यांच्या मांडणीत मी माझ्या अनुभवातून एवढीच भर घालीन की त्या दोन संस्कृतींची दुपार एकच असते.

शांतदुपार

वरील प्रतिसाद वाचून फार बरे वाटले. वेळापत्रकाचा विचार शिक्षणाचा विचार म्हणून कोणी मांडलेला मी प्रथमच वाचला.

ध्वनिलहर

वाळूघड्याळ यांच्या खोलीच्या मुद्द्यावर माझा अनुभव सांगते. माझाही मुख्य विषय गणितच होता. गणिती विश्लेषणाच्या विषयात फूरिए श्रेणी (कोणतीही आवर्ती लहर साध्या लहरींच्या बेरजेत मांडण्याची रीत) शिकले होते, तिची प्रमेये पाठ होती, परीक्षेत चांगले गुणही मिळाले होते. पुढच्या सत्रात एक जागा रिकामी राहत होती म्हणून भाषाशास्त्र विभागातील ध्वनिविज्ञान घेतले.

तिसऱ्या आठवड्यात प्रयोगशाळेत आम्हाला प्रत्येकाला 'ताट', 'थाट' आणि 'दाट' हे तीन शब्द ध्वनिमुद्रित करायला सांगितले. मग पडद्यावर त्यांचे वर्णपटचित्र काढले. आडवा अक्ष काळाचा, उभा अक्ष वारंवारतेचा आणि जिथे ऊर्जा अधिक तिथे रंग गडद. 'दाट' मध्ये जीभ सुटण्याच्या आधीच तळाशी एक गडद पट्टी दिसत होती, म्हणजे तोंड बंद असतानाच स्वरतंतू कंप पावू लागले होते. 'ताट' मध्ये पूर्ण कोरी जागा, मग स्फोटाची एक उभी बारीक रेघ, आणि लगेच स्वर. 'थाट' मध्ये त्या रेघेनंतर श्वासाचा धुरकट पट्टा होता आणि स्वर काहीसा उशिरा सुरू झाला होता. हे तीन शब्द मी आयुष्यभर बोलत आले होते आणि त्यांच्यातला फरक काही शतांश सेकंदांच्या अंतरात बसलेला आहे, हे मी तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिले.

मग शिक्षिकांनी विश्लेषणाची खिडकी, म्हणजे एका वेळी तपासायचा ध्वनीचा तुकडा, लांब केली. स्वरातले संवादी सूर एकाखाली एक आडव्या रेघांसारखे सुटे दिसू लागले, परंतु स्फोटाची ती उभी रेघ पसरट झाली. खिडकी आखूड केली तेव्हा स्फोट पुन्हा धारदार झाला आणि आडव्या रेघा एकमेकींत मिसळल्या. काळ आणि वारंवारता दोन्ही एकाच वेळी हवी तितकी नेमकी मिळत नाही, हे मी गणितात असमानतेच्या रूपाने सिद्ध केलेले होते. तरी त्या दिवशी वहीत जाऊन ती सिद्धता पुन्हा वाचली, आणि यावेळी प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते समजले. दुसऱ्या शाखेतील विषयाने माझी मुख्य विषयातील खोली कमी केली नाही, ती वाढवली. मी पुढे संकेतप्रक्रियेत (सिग्नल प्रोसेसिंग) संशोधन केले, ते त्या प्रयोगशाळेमुळे.

वाळूघड्याळ

ध्वनिलहर, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. आपल्याजवळ फूरिए श्रेणी आधी होती, म्हणून ध्वनिविज्ञान इतके आत उतरले, असे मला वाटते. त्यामुळे माझे मत थोडे दुरुस्त करून मांडतो. दुसऱ्या शाखेतील विषय पहिल्याच वर्षी गोळा करण्यापेक्षा मुख्य विषयाची काही हत्यारे हाती आल्यावर घेतले तर त्यांचा लाभ कितीतरी अधिक होतो. अडचण एवढीच आहे की बहुतेक विद्यापीठांत रचना याच्या उलट असते. पहिल्या वर्षी निवडीला वाव असतो आणि शेवटच्या वर्षी मुख्य विषयाचे प्रकल्प सगळा वेळ घेतात.

तिसरा बाक

अगदी मार्मिक निरीक्षण. याला एक पुरवणी जोडतो. ज्याला आपला मुख्य विषय कोणता हेच अजून ठरवायचे आहे, त्याच्यासाठी पहिल्या वर्षाचे विखुरलेले विषय अत्यावश्यक असतात. शोधण्यासाठी घेतलेला विषय आणि जोडण्यासाठी घेतलेला विषय ही दोन वेगळी कामे आहेत, आणि सूचीत त्या दोहोंना 'ऐच्छिक' हे एकच नाव दिलेले असते.

आलेखरेषा

आता श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) हिशोब, कारण त्याशिवाय ही चर्चा हवेत राहील. युरोपीय श्रेयांक पद्धतीत पूर्णवेळ अभ्यासाच्या एका वर्षाला ६० श्रेयांक असतात आणि एका श्रेयांकासाठी साधारण २५ ते ३० तासांचे काम धरले जाते. त्यात व्याख्याने, वाचन, गृहपाठ, परीक्षेची तयारी हे सर्व येते. तीन वर्षांच्या पदवीचे १८० श्रेयांक झाले. समजा त्यांपैकी १२० मुख्य विषयाला आणि ३० भाषा, संशोधनपद्धती अशा सक्तीच्या विषयांना गेले, तर हाती ३० उरतात. सहा श्रेयांकांचा एक विषय धरला तर हे झाले पाच विषय. सूचीत चारशे नावे असोत किंवा चार हजार, आपल्याला त्यांतून पाच उचलायची आहेत आणि त्या प्रत्येकावर १५० ते १८० तास द्यायचे आहेत.

मी विद्यार्थ्यांना हा हिशोब कागदावर मांडून दाखवते, तेव्हा त्यांची घाबरगुंडी उडत नाही, उलट खांदे सैल होतात. पाच विषय निवडणे हे माणसाच्या आवाक्यातले काम आहे. शिवाय ही श्रेयांक पद्धत १९८९ मध्ये सुरू झाली, ती मुळात एका देशातील विद्यापीठात केलेला अभ्यास दुसऱ्या देशातील विद्यापीठात मोजला जावा यासाठी. म्हणून आपल्या विद्यापीठात नसलेला विषय एखादे सत्र दुसरीकडे जाऊन करता येतो का, हेही विचारून ठेवावे. पुष्कळदा करार झालेले असतात आणि त्यांचा लाभ घेणारे कोणी नसते.

शांतदुपार

मला नोकरी करता करता मोठ्या वयात शिकण्याबद्दल लिहायचे आहे. माझी पदवी एकाच विषयात, ठरलेल्या वाटेने झाली. निवड करण्याचा प्रसंगच आला नाही. पुढे कामाच्या निमित्ताने पाणीपुरवठ्याच्या प्रकल्पांवर लिहावे लागले तेव्हा जलविज्ञान, कायदा आणि सार्वजनिक वित्त अशा तिन्हींची गरज पडली, आणि मी मुक्त विद्यापीठाकडे वळले. ब्रिटनचे मुक्त विद्यापीठ १९६९ मध्ये स्थापन झाले आणि १९७१ मध्ये तिथे शिकवणे सुरू झाले. तिथे वेगवेगळ्या शाखांतील घटक एकत्र करून पदवी घेता येते. दूरशिक्षणात 'उभी आडवी रेघ' यांनी सांगितलेली टक्कर जवळजवळ नाहीशी होते, कारण व्याख्यानाची वेळ आपण ठरवतो. परंतु ध्वनिलहर यांना भेटलेली प्रयोगशाळाही त्याबरोबर नाहीशी होते. शेजारी बसलेल्या माणसाचा 'थाट' आपल्या 'थाट' पेक्षा वेगळा दिसतो, हे घरी एकट्याने बसून कळत नाही. दोन्हींचा अनुभव घेतल्यामुळे हे ठामपणे लिहिते आहे.

नवोदितांसाठी आणखी एक: मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेने २००१ मध्ये आपल्या विषयांचे साहित्य सर्वांसाठी खुले करण्याची घोषणा केली, आणि आता असे आराखडे व गृहपाठ सहज पाहता येतात. विषय घ्यायचा की नाही हे ठरवण्यापूर्वी त्याच्याशी मिळत्याजुळत्या विषयाचा पहिला गृहपाठ एका रविवारी सोडवून पाहावा. मी कायद्याच्या आधी तसे केले होते आणि त्यामुळे एक विषय घेतला व एक टाळला.

उभी आडवी रेघ

कोरी पाटी यांच्यासाठी काही व्यावहारिक सूचना. सूचीतील नावापुढे 'मागील वेळी केव्हा शिकवला गेला' हे लिहिलेले नसेल तर विभागाच्या कार्यालयात विचारावे. तिथले लिपिक ते लगेच सांगतात. पूर्वअट असेल तर थेट प्राध्यापकांना भेटावे, कारण अनेक ठिकाणी त्यांच्या लेखी संमतीने ती शिथिल होते, आणि गणिताच्या विद्यार्थ्याला तर्कशास्त्रासाठी बहुधा नाही म्हणत नाहीत. एकच वर्ग कधीकधी दोन विभागांच्या दोन क्रमांकांखाली नोंदलेला असतो. एका क्रमांकाखाली जागा संपल्या असतील तर दुसऱ्याखाली पाहावे. आणि दोन विषयांच्या वेळा जुळत नसतील तर गप्प न बसता वेळापत्रक कक्षाला लेखी कळवावे. या सत्रात काही होणार नाही, परंतु तुमच्या अर्जामुळे त्या दोन बिंदूंमध्ये प्रथमच एक रेषा ओढली जाईल.

कोरी पाटी

सर्वांचे मनापासून आभार. तिन्ही विभागांत जाऊन गृहपाठ पाहिले आणि तत्त्वज्ञान विभागातील तर्कशास्त्र घेतले. श्रेणीऐवजी 'उत्तीर्ण' अशी नोंद घेण्याचा नियम आमच्याकडेही आहे आणि त्याची मुदत संपायला चार दिवस होते. परंतु अर्ज भरायला घेतल्यावर मन बदलले आणि विषय श्रेणीसह ठेवला.

काल पहिला तास झाला. 'जर-तर' च्या विधानातील पहिला भाग असत्य असेल तर संपूर्ण विधान सत्य मानायचे, हा नियम गणितात आम्हाला दोन मिनिटांत सांगितला होता आणि आम्ही तो लिहून घेतला होता. इथे त्यावर संपूर्ण तास चर्चा झाली. असे मानणे आपल्या रोजच्या बोलण्याशी जुळते का, जुळत नसेल तर नियम चुकला की आपले बोलणे वेगळ्या प्रकारचे आहे, आणि दुसरा कोणता नियम घेतला तर काय बिघडेल? मागच्या बाकावरच्या इतिहासाच्या विद्यार्थिनीने 'अमुक घडले नसते तर युद्ध टळले असते' या प्रकारची विधाने तिच्या विषयात सतत येतात आणि त्यांना हा नियम लावला तर ती सगळीच सत्य ठरतील, असे सांगितले. शिक्षकांनी ते फळ्यावर लिहून ठेवले आहे आणि पुढचा तास तिथूनच सुरू होणार आहे.

ध्वनिलहर, पुढच्या सत्रासाठी ध्वनिविज्ञानाला काही पूर्वअट असते का?

ध्वनिलहर

आमच्याकडे नव्हती. मात्र प्रयोगशाळा दुपारी तीन तासांची होती, तेव्हा आपल्या गणिताच्या वेळापत्रकात ती दुपार मोकळी आहे का, ते आत्ताच पाहून ठेवा. नसेल तर 'उभी आडवी रेघ' यांनी सांगितलेला अर्ज आजच लिहा.